छत्तिसावा टेकू

बत्तीमास्तरचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत आणि त्याच्या बहिणीच्या तोंडी उरलं होतं. बाकी सगळे त्याला बत्तीमास्तर म्हणायचे, कारण सत्तावीस वर्षं तो एकच काम करत आला होता, सुरुंगाला बत्ती देण्याचं. आता सुरुंग म्हटला की लोकांना विहीर आठवते, नाहीतर डोंगर फोडून काढलेला रस्ता. म्हणजे काहीतरी फोडायचं. याचा सुरुंग मात्र जोडायचा. नव्या ओळखीच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसायचा, आणि मग हा आपली फिरकी घेतोय असं समजून विषय बदलायचा. बत्तीमास्तरने मग सांगणंच सोडून दिलं. तसाही तो नव्या माणसांच्या वाटेला फारसा जात नसे.

काम असं होतं. ॲसिडच्या टाक्या पोलादाच्या केल्या तर ॲसिड पोलाद खाऊन टाकतं. टायटॅनियमला ते काही करू शकत नाही, पण अख्खी टाकी टायटॅनियमची करायची तर ते कुणाच्या बापाला परवडत नाही. म्हणून बाहेरून जाड पोलाद आणि आतून टायटॅनियमचं पातळ अस्तर. गंमत अशी की या दोघांचं आगीत जमत नाही. वितळवून जोडायला गेलं की सांधा कुरकुरीत होतो आणि हातोडीच्या एका ठोक्यात सुटतो. मग पोलादाची प्लेट जमिनीवर आडवी ठेवायची, तिच्यावर टायटॅनियमची धरायची, आणि मध्ये पाच मिलिमीटरची फट सोडायची. वर जाड मिठासारखी दिसणारी पांढरी पावडर सारखी पसरायची आणि कोपऱ्यात डिटोनेटर लावायचा. बार उडाला की वरची प्लेट खालच्या प्लेटवर अशी आदळते की दोघींच्या अंगावरचा मळ उडून जातो आणि धातूला धातू कायमचा चिकटतो. सगळी करामत त्या फटीची. फट नसली तर बार कितीही मोठा उडवा, दोन्ही प्लेटा अंगाला अंग लावून पडलेल्या असूनही सुट्या त्या सुट्याच राहतात.

ही फट राखायला दोन प्लेटांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या दुमडलेल्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांना सगळे टेकू म्हणायचे. टेकू लावणाऱ्या माणसाला म्हणायचे ओळंबा. अंगाने उंच, काटक, आणि बोलायला इतका सरळ की साहेबांनासुद्धा त्याच्यापुढे शब्द जपून वापरावा लागे. गवंडी भिंत तपासायला जो ओळंबा सोडतो तो एक वेळ वाऱ्याने हलेल, पण हा हलणार नाही, असं क्रेनवाला म्हणायचा. टेकू लावताना ओळंबा ते मोठ्याने मोजायचा आणि शेवटचा आकडा खडूने प्लेटच्या कडेला लिहायचा.

काम चालायचं कारखान्यापासून बारा किलोमीटरवर, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. माणसं पाच. बत्तीमास्तर, ओळंबा, क्रेनवाला, पावडरवाला आणि गेल्या चार वर्षांपासून सेफ्टीबाई. खाणीच्या एका कडेला सिमेंटचा बंकर होता आणि बंकरात भिंतीवर एक फळी. फळीवर पाच खिळे, प्रत्येकाखाली नाव. सकाळी येताना ज्याने त्याने आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात घालायचा, आणि बंकरात आल्यावर परत अडकवायचा. खिळा रिकामा तर बत्ती नाही, हा नियम. म्हणजे कुणीतरी अजून बाहेर आहे. पाचही बिल्ले लागले की टेकू लावणाऱ्याने फळीकडे बघून म्हणायचं, "सगळे आत." बत्ती देणाऱ्याने उत्तर द्यायचं, "देतो." मग किल्ली फिरवायची.

गेली अकरा वर्षं ओळंबा बत्तीमास्तरशी एवढंच बोलत होता. दिवसाला दोन बार, म्हणजे दोन वेळा "सगळे आत". तेही नियम होता म्हणून. नियम नसता तर तेवढंही बोलला नसता.

आधी असं नव्हतं. आधी रविवार दुपारी ओळंबा बत्तीमास्तरच्या घरी असायचा. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बत्तीमास्तरची बायको दाराची कडी वाजायच्या आत तिसरा कप मांडायची. ती ओळंब्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्या सरळ बोलण्याची टर उडवायची. भाऊजी, चहा कसा झालाय ते विचारत नाही, तुम्ही खरं सांगाल, असं म्हणायची. तिघंही हसायची. हसणारं घर होतं ते.

मग ती प्लेट आली. टायटॅनियमची वाट सात महिने पाहिली होती. उन्हाळ्याची दुपार होती, क्रेनचा दोर अडकून दोन तास वाया गेले होते. ओळंब्याने टेकू लावले, मोठ्याने मोजले, कडेला छत्तीस लिहिलं, क्रेनने वरची प्लेट हळूच टेकवली आणि तो पाणी प्यायला गेला. बत्ती देणाऱ्याने आडवं पडून विजेरीने फटीत एक नजर टाकायची असते. नुसती नजर. हात लावायचा नाही, काही खटकलं तर टेकूवाल्याला हाक मारायची. बत्तीमास्तरला मधोमध एक पट्टी तिरपी दिसली. त्याला वाटलं, चुकून पडलेला जास्तीचा तुकडा आहे. राहिला तर तिथे सांधा बसणार नाही. हाक मारली तर क्रेन पुन्हा लावा, प्लेट पुन्हा उचला, म्हणजे आणखी तासभर. त्याने तारेचा आकडा घातला, पट्टी ओढून काढली आणि खिशात टाकली. आपण शहाणपणा केला असंच त्याला वाटलं. नसती उठाठेव करणाऱ्याला नेहमी तसंच वाटतं.

तो जास्तीचा तुकडा नव्हता. तो मधला टेकू होता, जरा कलला होता एवढंच. तो निघाल्यावर पावडरीच्या वजनाने वरची प्लेट मधे खोलगट झाली आणि फट मिटली. बार झाला, प्लेट कारखान्यात गेली, हातोडीने ठोकून बघितली तर मधोमध फुटक्या मडक्यासारखा आवाज. कापून उघडली तेव्हा खुणा पस्तीस टेकूंच्या निघाल्या. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. ओळंबा म्हणाला, मी छत्तीस लावले. साहेब म्हणाले, मग छत्तिसावा काय उडून गेला? तेव्हा ओळंब्याने वळून बत्तीमास्तरला विचारलं, तू फट बघितलीस, तुला काय दिसलं?

बत्तीमास्तरच्या तोंडून निघालं, "मी मोजले नाहीत. मी हाताने काही लावलं नाही, काढलं नाही."

वेळ मारून नेली. माणूस वेळ मारून नेतो तेव्हा त्याला वाटतं, एक वेळच तर न्यायची आहे. ओळंबा तेव्हा मुकादम होता, ती मुकादमी गेली आणि तो पुन्हा साधा टेकूवाला झाला. त्या रविवारी तो आला नाही. पुढच्याही आला नाही. बायको महिनाभर तिसरा कप मांडत राहिली आणि मग तिने विचारणं सोडलं. कपडे धुताना तिला शर्टाच्या खिशात ती पट्टी सापडली होती. हे काय, असं तिने विचारलं. भंगार आहे, तो म्हणाला. तरी तिने टाकली नाही, बटणांच्या डब्यात ठेवून दिली. काय माहीत, तिला काय कळलं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी ती गेली. त्या दिवशी ओळंबा आला होता. लांब, कडेला उभा राहिला, सगळं उरकेपर्यंत उभा राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. बत्तीमास्तरला त्या दिवसातलं दुसरं फारसं काही आठवत नाही, तो कडेला उभा होता एवढं आठवतं.

त्यानंतर घर खायला उठायचं. मूलबाळ नव्हतं. बुधवारी बहिणीचा फोन यायचा. जेवलास का, जेवलो, बरं आहेस ना, बरा आहे, ठेवते मग, ठेव. रविवारी बार नसायचा, त्यामुळे रविवारी त्याच्या तोंडून एकही शब्द बाहेर पडत नसे. सोमवारी सकाळी पहिलं "देतो" म्हणताना घसा खरखरायचा. एकट्याचा चहा करायला घरात लहान भांडं नव्हतं, मोठ्यातच तळाला एक कप उकळायचा आणि बघता बघता आटून जायचा. लहान भांडं घ्यायचं त्याने कितीदा तरी ठरवलं. पण लहान भांडं आणणं म्हणजे आता कायम एकटाच, हे कबूल करणं झालं, म्हणून ते राहून जायचं.

आणि आता ओळंबा निवृत्त होणार होता. शनिवारी शेवटचा दिवस, आणि पुढच्या गुरुवारी तो लांबच्या शहरात मुलीकडे कायमचा राहायला जाणार, असं क्रेनवाल्याने सांगितलं. अकरा वर्षं बत्तीमास्तर रोज सकाळी ठरवायचा की आज सांगायचं. आज नाही जमलं तर उद्या बंकर आहेच. आता बंकर असणार होता, पण ओळंबा नसणार होता.

शनिवारी त्याने डब्यातून पट्टी काढून खिशात घातली. गाडीत सांगू म्हणाला, तर गाडीत पावडरवाला घोरत होता. पहिल्या बाराआधी सांगू, तर सेफ्टीबाई यादी घेऊन उभ्या. जेवताना सांगू, तर ओळंबा नेहमीसारखा पाठ करून बसलेला, आणि पाठीला काय सांगणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. शिवाय त्याला हेही कळत होतं की चारचौघांत बोललेलं खोटं कोपऱ्यात कुजबुजून पुसता येत नाही.

चार वाजता शेवटचा बार. भोंगा झाला. पाचही जण बंकरात आले, पाच बिल्ले लागले. ओळंब्याने फळीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "सगळे आत."

बत्तीमास्तरचा हात किल्लीवर होता. देतो म्हटलं की संपलं. त्याने हात काढला, फळीशी गेला, आपला बिल्ला खिळ्यावरून काढला आणि मुठीत धरला.

"मास्तर?" सेफ्टीबाई म्हणाल्या.

"खिळा रिकामा आहे, बाई. आता बत्ती देता येणार नाही. दोन मिनिटं सगळ्यांनी ऐका." त्याने दुसऱ्या हाताने खिशातली पट्टी काढली. "अकरा वर्षांपूर्वीच्या त्या प्लेटला टेकू छत्तीसच होते. याने बरोबर लावले होते. मधला मी काढला, तारेच्या आकड्याने. आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो. तो टेकू हा."

क्रेनवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. तो त्या दिवशी हजर होता, पावडरवालाही होता. सेफ्टीबाई तेव्हा नव्हत्या, पण त्यांनी सवयीने पेन उघडलं आणि मग हळूच टोपण लावून टाकलं. बत्तीमास्तरचा हात पुढे तसाच होता, त्यावर नखाएवढ्या उंचीची दुमडलेली पट्टी, कडांना काळी पडलेली. ओळंब्याने तिच्याकडे पाहिलं. घेतली नाही.

"बिल्ला लाव," तो म्हणाला.

बत्तीमास्तरने लावला. नियमाप्रमाणे आता पुन्हा म्हणावं लागणार होतं. ओळंब्याने पुन्हा फळीकडे बघून "सगळे आत" म्हटलं, त्याच आवाजात. बत्तीमास्तरचं "देतो" त्याच्या त्यालाच ऐकू आलं. किल्ली फिरली आणि जमीन पायाखालून एकदा हलली. धूर विरल्यावर ओळंब्याने बाहेर जाऊन प्लेट हातोडीने ठोकून बघितली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठेही पोकळ बोलली नाही.

संध्याकाळी ऑफिसात ओळंब्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषण करा म्हटल्यावर तो म्हणाला, काम झालं, येतो. गाडीत पुढे ड्रायव्हरजवळ बसला, आपल्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळ काखेत मारून उतरला आणि मागे न बघता गेला.

बत्तीमास्तरला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. रविवारी सकाळी तो पलंगावर बसून हलकं वाटायची वाट बघत राहिला. पोटातला दगड गेला होता खरा, पण त्या जागी दुसरं काहीच आलं नव्हतं. अकरा वर्षं त्याच्याजवळ निदान एक सांगायचं होतं, उद्या सांगू म्हणायला एक उद्या होता. आता तेही संपलं. झाकली मूठ उघडली, आणि ज्याच्यासाठी उघडली त्या माणसाने आत काय आहे ते बघून मान फिरवली. त्याला ओळंब्याचा राग आला नाही. स्वतःचाही आता येईना. नुसतं एकटं वाटलं, आणि ते दिवसभर वाटत राहिलं. चहा दोनदा आटला.

सोमवारी नवा टेकूवाला आला. त्याच्यासाठी फळीवर सहावा खिळा मारलेला होता. प्लेट मांडली, पावडर पसरली, भोंगा झाला, सगळे बंकरात आले आणि बिल्ले लागले. नवा माणूस "सगळे" एवढं म्हणाला आणि थांबला. ओळंब्याच्या नावाचा खिळा रिकामा होता.

क्रेनवाला म्हणाला, अहो, तो तर निवृत्त झाला, चालवा. सेफ्टीबाई म्हणाल्या, झाला हे मलाही माहीत आहे, पण बिल्ला जमा झालेला नाही. बिल्ला जमा नाही म्हणजे कागदावर तो माणूस अजून खाणीत आहे. जमा झाला की मी स्वतः खिळा उपटते, तोवर बत्ती नाही. सगळ्यांनी कोपरे धुंडाळले, पेट्या बघितल्या. ओळंबा बिल्ला विसरला, यावर कुणाचा विश्वास बसेना. तीस वर्षांत तो एकदाही बिल्ला घरी घेऊन गेला नव्हता. ड्रायव्हरला पाठवून मागवून घेऊ, असं ठरलं. आधी फोन करून विचारतो, असं बत्तीमास्तर म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकला.

बंकराच्या मागे एका दगडावर उभं राहिलं तरच फोन लागायचा. ओळंब्याचा नंबर त्याच्याकडे होता. अकरा वर्षांत तीन फोन बदलले, प्रत्येक नव्या फोनमध्ये त्याने तो नंबर घातला होता आणि कधी लावला नव्हता. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला.

"बोल," ओळंबा म्हणाला.

"तुझा बिल्ला राहिलाय तुझ्याकडे."

"राहिला नाही. आणलाय."

खाली प्लेटवर पांढरी पावडर पसरलेली दिसत होती आणि बंकराच्या दारात चौघं त्याच्याकडे बघत होते. "इथे बार थांबलाय," तो म्हणाला.

"थांबू दे. मी अकरा वर्षं थांबलो. गुरुवारी निघतोय. तोवर घरीच आहे. ड्रायव्हरला पाठवू नकोस, तू ये. आणि तो टेकू घेऊन ये, परवा मला नीट बघता नाही आला."

बत्तीमास्तर दगडावरून उतरला. त्याने प्लेटच्या कोपऱ्यातला डिटोनेटर काढून पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि बत्तीची किल्ली सेफ्टीबाईंच्या हातात दिली. सत्तावीस वर्षांत त्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. बाईंनी विचारलं, किती वेळ लागेल. जायला वीस मिनिटं, तो म्हणाला, यायचं तो ठरवेल.

गाडीकडे जाताना त्याने शर्टाचा खिसा चाचपला. टेकू होता. शनिवारपासून तो या शर्टातून त्या शर्टात जात होता, कारण घरी बटणांच्या डब्यात परत ठेवायला त्याचा हात धजला नव्हता.